पाव्हण्याचा कौल

आमच्या आईला सलग गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते सिंगापुरात, आणि तेही एका पक्ष्यासाठी. तोवर माझी पक्की समजूत होती की आई झोपेतसुद्धा बोलते आणि सकाळी उठून राहिलेलं वाक्य पुरं करते. तिचं माहेर कुडाळजवळचं. तिथे म्हणे माणसं आपापल्या अंगणात उभी राहून माडांच्या डोक्यावरून एकमेकांशी गप्पा मारतात, त्यामुळे आवाज मुळातच खणखणीत. बाबा पुण्याचे. त्यांच्या घरात बोलणं मोजकं आणि त्यातला टोमणा सढळ. लग्न होऊन आई त्या घरात आली तेव्हा सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांची मुलं आणि आला-गेला असा सगळा गोतावळा होता, आणि त्या सगळ्यांच्या वाटचं ती एकटी बोलायची, असं बाबा सांगत. मग बाबांच्या कंपनीने त्यांना ठरावीक मुदतीसाठी सिंगापूरला धाडलं, मागोमाग आम्ही दोघी गेलो, आणि एवढ्या भरल्या घरातलं बोलणं अचानक माझ्या एकटीच्या वाट्याला आलं.

बुकित तिमाहमधल्या एका जुन्या, बुटक्या काँडोतला तळमजला आम्हाला मिळाला होता. वरच्या मजल्यांना स्विमिंग पूल दिसायचा, आम्हाला त्याची मोटर ऐकू यायची. पण स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की पायरीखाली दोन खाटा मावतील एवढं अंगण होतं, आणि ते फक्त आमचं होतं. कडेला जास्वंदीचं कुंपण, लाल कर्दळ, कोपऱ्यात कोणी लावली कोण जाणे अशी एक केळ. पहाटे कोकिळ अशी काही केकाटायची की पुण्यातलं गजराचं घड्याळ परवडलं. तिच्यामागून शेजारच्या लिम आंटींचा रेडिओ सुरू व्हायचा, त्यावर चिनी नाटकातल्या बायका नाकातून गात असायच्या. मग आठवड्यातून एकदा गवत कापणाऱ्यांचं यंत्र, आणि अधूनमधून बाबांचं, ‘माझा दुसरा मोजा कुणी पाहिलाय का?’ एवढ्या सगळ्यात आईचा आवाज सहज वर यायचा.

आईची तक्रार रोजची होती आणि तिचा क्रम ठरलेला होता. इथे कोणी कोणाच्या घरी न सांगता येत नाही. इथे दारं बंद असतात. इथल्या लिफ्टमध्ये माणसं आपापल्या बुटांकडे बघतात. ‘परत गेल्याशिवाय माझ्या जिवाला बरं वाटायचं नाही,’ हे शेवटचं वाक्य, आणि ते म्हणताना तिच्या हातात बहुतेक वेळा मासा असायचा. कारण वेट मार्केटातली, म्हणजे इथल्या मासळी-भाजीच्या मंडईतली, बांगड्यांची रास पहिल्यांदा पाहिली तेव्हा आई तिथेच उभी राहून हसली होती. मासेवाला कोळी तिला लांबून बघूनच हात करायचा. मार्केटात नारळ खवून देणारं यंत्र होतं, त्याच्यापुढे ती देवळात उभी राहिल्यासारखी उभी राहायची. पुण्याच्या घरात मासे शिजायचे ते महिन्यातून एखाद्या बुधवारी, खिडक्या लावून आणि सासूबाई भजनाला गेल्यावर. इथे आठवड्यातून तीनदा तिरफळं घातलेलं सार व्हायचं आणि बाबा, ज्यांना लग्नाआधी बांगडा आणि सुरमई यांतला फरक सांगता येत नव्हता, ते काटा काढता काढता म्हणायचे, ‘तुझ्या जिवाला बरं वाटत नाहीये ते दिसतंच आहे.’

तो पक्षी आला तो कपडे वाळत घालण्याच्या वेळी. करंगळीएवढा जीव, पोट पिवळंधमक, गळा निळा-काळा आणि उन्हात चमकणारा, चोच सुईसारखी खाली वळलेली. जास्वंदीच्या फुलात डोकं खुपसायचा, बाहेर काढायचा आणि सगळ्या अंगणाला ‘टिचिक् टिचिक्’ असं दरडावून सांगायचा. शिंजीर. हे नाव बाबांनी पुस्तकातून शोधून काढलं, पण आईने त्याआधीच त्याचा ‘पाव्हणा’ करून टाकला होता. ‘न सांगता आलाय बघ,’ ती म्हणाली, ‘या देशातला पहिला!’ आणि दारात पाव्हणा आला की त्याला आधी गूळ-पाणी द्यायचं, एवढं तिला पक्कं माहीत होतं. मध पिणाऱ्या पक्ष्यांना साखरपाणी ठेवतात हे जगात पुष्कळांना ठाऊक असेल, पण त्यांना गूळ-पाणी देणारं घर माझ्या माहितीत आमचंच.

आता मला कळतं की पक्ष्यांना गूळ देऊ नये, आणि रानातल्या जिवाला हाताने भरवणं इथे आता कायद्यानेही मना आहे. मी सध्या इथेच, सेंगकांगला अकराव्या मजल्यावर राहते. तिथेही व्हरांड्यातल्या कुंड्यांवर शिंजीर येतात. मी नुसती कौतुकाने वाटी हातात घेतली तरी माझा मुलगा म्हणतो, ‘ममी, कॅनॉट लाह! लेटर केना फाइन!’ दंड होईल, या भीतीपेक्षा आई चुकतेय याचा आनंद त्याला जास्त असतो. तो माझ्यावर गेला असावा. असो. तेव्हा आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं आणि आईला तर माहीत करूनही घ्यायचं नव्हतं. पाव्हण्याला काय द्यावं हे तिला कोणी शिकवलेलं खपत नसे.

गूळ-पाणी द्यायचं तर कशात, हा प्रश्न होता. वाटीत ठेवलं तर मुंग्या लागत, बशीत ठेवलं तर साळुंक्या येऊन अंघोळ करत. शेवटी आईने देव्हाऱ्यातली पळी उचलली. संध्येची, आचमनाची, तांब्याची ती लहानशी पळी, जेमतेम चार थेंब राहतील एवढी. चिंचेने घासली की तिला कर्दळीच्या फुलासारखा लाल रंग यायचा, आणि बहुधा त्या रंगालाच पाव्हणा भुलला. ‘देवाची पळी!’ बाबा ओरडले. ‘मग? देवाला काय कमी आहे? त्याला पंचपात्र राहिलं की,’ आई म्हणाली. वर आई डावखुरी. पूजेत डावा हात पुढे केला की पुण्याला सासूबाई डोळे वटारायच्या. इथे डोळे वटारायला कोणी नव्हतं. ती पळी खुशाल डाव्या हातात धरायची.

आधी तिने पळी दोऱ्याने जास्वंदीला बांधली. मग बांधलेल्या पळीशेजारी हात धरून उभी राहायला लागली. मग दोरा काढला. हे लिहायला जेवढं सोपं आहे तेवढं करायला नव्हतं, कारण यात मुख्य अट गप्प बसण्याची होती. पहिले काही दिवस पक्षी फांदीवर टेकला रे टेकला की आई आनंदाने, ‘आलास?’ म्हणायची आणि तो जायचा. बाबांनी पैजा लावायला सुरुवात केली. ‘आज किती वेळ?’ ते मला खिडकीतून खुणेने विचारायचे, मी बोटं दाखवायची. पण आई जिद्दीची. सकाळची कामं उरकून ती पायरीवर बसायची, डावा हात गुडघ्यावर, हातात पळी, ओठ गच्च मिटलेले. दम कोंडल्यासारखा तिचा चेहरा लाल व्हायचा. हळूहळू तो लालपणा गेला. एके दिवशी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर दारातून मला तिची पाठ दिसली आणि तिच्या मनगटावर बसून पाव्हणा पळीतून पीत होता. शेपटी वरखाली होत होती. आईच्या खांद्यावर ऊन होतं. मी हाक मारणार होते, पण तिची पाठ इतकी निवांत दिसत होती की मी पाणी न पिताच मागे फिरले. असं तिला मी कधी पाहिलं नव्हतं.

लिम आंटींना मात्र काळजी वाटली. सत्तरीच्या, बारीक केस कापलेल्या, सदा फुलाफुलांच्या पायजम्यात. कुंपणावरून त्यांनी आईला असं दगडासारखं बसलेलं रोज पाहिलं आणि त्यांचा समज झाला की या बाईचं काहीतरी दुखतंय. एका सकाळी त्या कुंपणाच्या फटीतून बार्लीच्या पाण्याचा डबा घेऊन थेट आत आल्या. ‘यू ओके ऑर नॉट?’ आईने डोळ्यांनी पक्षी दाखवला. आंटी एकदम थबकल्या, मग सावकाश खाली बसल्या, आणि दोघी अर्धा तास पायरीवर एक शब्द न बोलता बसून राहिल्या. पाव्हणा उडून गेल्यावर आंटी म्हणाल्या, ‘वाह, युअर बर्ड सो हँडसम, हां!’ तेव्हापासून त्या आठवड्यातून एकदोनदा तरी यायला लागल्या. आईचं इंग्रजी बेताचं, आंटींचं वेगळ्याच वळणाचं, पण गप्प बसायला भाषा कशाला लागते? आयुष्यभर बोलून आईने जेवढ्या मैत्रिणी जोडल्या असतील, त्यातली सगळ्यात घट्ट मैत्रीण तिने तोंड मिटून मिळवली. हे मी तिला अजून ऐकवते आणि ती अजून चिडते.

अशात बाबांची मुदत संपत आली. साहेबांनी विचारलं होतं, नोकरीचा पास पुढे वाढवायचा की पुण्याच्या ऑफिसात परत जायचं, सोमवारी सांगा. बाबांना राहायचं होतं. ते तसं म्हणत नसत, पण नव्या कामाबद्दल बोलताना त्यांचा आवाज चढायचा आणि मग आईकडे बघून खाली यायचा. मलाही राहायचं होतं, पण माझं मत कोणी विचारलं नव्हतं. बाबा आईला विचारायचे, ‘मग? परत कधी जायचं म्हणतेस?’ आणि आई म्हणायची, ‘मला काय विचारता? येताना विचारलं होतं का कोणी?’ गावी आजीला फोन लावला की मात्र तिचं एकच, ‘ह्या वर्साक येतंय गो आये, नक्की येतंय.’ आजी, म्हणजे आईची आई, गावात मामाजवळ असायची आणि लेक पुण्याला परत आली की रात्रीच्या एसटीने येऊन भेटून जाता येईल, या हिशेबाने जीव धरून होती. फोन ठेवला की आई बराच वेळ ओटा पुसत राहायची, ओटा स्वच्छ असला तरी.

शुक्रवारी जेवताना आईने जाहीर केलं, ‘आपण कौल लावू.’

आईच्या गावात मोठ्या गोष्टी माणसं ठरवत नाहीत. देवळात गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे पाषाणाकडे टक लावून बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. मामाची विहीर कुठे खणायची ते असंच ठरलं. घाटावरच्या मुलाला मुलगी द्यावी का, याचाही कौल लावला होता आणि पाकळी पडता पडेना, दुपार झाली होती. ‘देवालासुद्धा माझ्याबद्दल विचार करावा लागला,’ असं बाबा दर वेळी सांगायचे. आता सिंगापुरात ग्रामदेवतेचा पाषाण कुठून आणायचा? आमचे देव पितळी आणि गुळगुळीत. आईने लावून पाहिल्या तर दोन्ही पाकळ्या एकदमच घसरल्या. ‘म्हणून,’ आई म्हणाली, ‘पाव्हण्याचा कौल. माझ्या दोन्ही हातांत पळ्या. उजव्या पळीतलं प्यायला तर राहायचं. डाव्या पळीतलं प्यायला तर परत.’ दुसरी पळी बाबांच्या मुंजीतली होती, नागफणीच्या दांड्याची. ती डावी, असंही तिने तिथेच ठरवून टाकलं.

बाबांनी घास खाली ठेवला. ‘अगं, पण तो रोज तुझ्या डाव्याच हातावर येतो. त्याला सवय आहे. मग हा कौल कसला? तिकीटच काढलंस म्हण की.’

‘देवाला सगळं ठाऊक असतं,’ आई म्हणाली आणि त्यांच्या पानात आणखी सार वाढलं.

बाबांनी मग वाद घातला नाही. पुणेरी माणूस वाद सोडून देतो म्हणजे त्याने मनातून हार मानलेली असते. जेवण झाल्यावर ते कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन रिकामे खोके घेऊन आले, आणि त्यातल्या एकात आपली पुस्तकं रचायला लागले. शीळ घालत होते, पण सूर लागत नव्हता. आईने दारातून ते खोके पाहिले. काहीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहिली. बोलायची संधी कधी न सोडणारी माझी आई तशीच आत गेली.

शनिवारी मला लवकर जाग आली. स्वयंपाकघरात दिवा होता. आई माझ्याकडे पाठ करून ओट्याशी उभी होती, पुढे दोन्ही पळ्या. भांड्यात गूळ-पाणी कालवून तयार होतं. तिने त्यातून आमची रोजची पळी भरली आणि उजवीकडे ठेवली. मग नागफणीची पळी उचलली, ती नळाखाली धरली, नुसत्या पाण्याने भरली आणि डावीकडे ठेवली. थोडं थांबली. उजव्या पळीत बोटाने आणखी चिमूटभर गूळ विरघळवला. मी पावलं न वाजवता मागे सरले आणि अंथरुणात जाऊन तोंडावर पांघरूण घेतलं, कारण मला हसू आवरत नव्हतं. दररोज परतीचा घोष करणारी बाई पहाटे उठून देवाच्या कौलात लबाडी करत होती, आणि ती राहण्यासाठी! हसून झाल्यावर मात्र मी पांघरुणातून तोंड बाहेर काढलं. पाव्हणा डाव्या हाताला सोकावलेला. तो सवयीने चुकला तर आमचं बिऱ्हाड उचलणार, आणि हे फक्त मला ठाऊक.

ऊन पायरीवर आलं तसे आम्ही तिघे मागे जमलो. आई पायरीवर बसली, दोन्ही गुडघ्यांवर दोन हात, दोन पळ्या. गप्प होण्याआधी गाऱ्हाणं घालणं भागच होतं. तिने डोळे मिटले आणि गावच्या गुरवाचा आवाज काढला. ‘बा देवा म्हाराजा! आज ह्या परमुलखात ही तुझी लेकरां तुका गाऱ्हाणां घालतत, ता मान्य करून घे रे म्हाराजा!’

‘होय म्हाराजा!’ बाबा आणि मी म्हणालो.

‘काय बरा-वायट ठरवचा आसात, ता तुझ्या कौलान ठरव रे म्हाराजा!’

‘होय म्हाराजा!’

जास्वंदीवरून लिम आंटींचं डोकं वर आलं. ‘यू ऑल प्रेइंग फॉर वॉट?’

‘हाउसिंग, आंटी,’ बाबा म्हणाले. आंटींनी समजुतीने मान हलवली. सिंगापुरात यापेक्षा जास्त कोणी कशासाठी प्रार्थना करतं? त्यांनी जाऊन रेडिओ बारीक केला आणि परत येऊन कुंपणाशी उभ्या राहिल्या.

मग सगळे गप्प झालो. पूलची मोटर तेवढी गुणगुणत होती. आईचे डोळे कर्दळीवर आणि बाबांचे आईवर. ‘टिचिक्’ असा आवाज झाला आणि पाव्हणा केळीच्या पानावरून खाली उतरला. त्याने जास्वंदीचं एक फूल तपासलं, दुसरं तपासलं, आम्हाला पुरेसं तंगवलं. मग उडून उजव्या पळीसमोर क्षणभर हवेत तरंगला. मी देवाला, गुरवाला, लिम आंटींच्या देवालासुद्धा हात जोडले. पाव्हणा वळला, नेहमीसारखा डाव्या मनगटावर बसला आणि नागफणीच्या पळीत चोच घातली. नुसतं पाणी बघून तो तोंड फिरवेल असं मला वाटलं होतं. पण कित्येक दिवस पाऊस नव्हता, त्याला तहान लागली असावी. तो पीत राहिला.

‘अरे मेल्या, थंय खंय जातस!’ आई ओरडली. ‘हंय ये! हंय! ह्या उजव्यातला पी!’

पाव्हणा दचकून उडाला तो थेट कुंपणापलीकडे. दोन्ही पळ्या खाली पडल्या असत्या, बाबांनी त्या वरच्यावर धरल्या. बाबांनी डाव्या पळीतले उरलेले थेंब तळहातावर घेतले आणि तीर्थ घ्यावं तसे ओठांना लावले. ‘हे नुसतं पाणी आहे,’ ते म्हणाले. मग उजव्या पळीतलं घेतलं. ‘आणि हा गूळ. पाकच म्हण की.’ त्यांनी पळ्या खाली ठेवल्या आणि हसायला लागले. इतके हसले की त्यांना कुंपणाला धरावं लागलं. ‘देवाला फसवायला निघालीस? आणि तेही माझ्या मुंजीच्या पळीने?’

आई हसत नव्हती. पदर तोंडावर धरून ती रडत होती, आणि ते आमच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

बाबा तिच्या शेजारी पायरीवर बसले. ‘अगं, मग सांगायचं नाही का? मी काल खोके आणले ना!’

‘तुम्ही रोज विचारलंत, परत कधी जायचं. राहायचं का तुला, असं एकदा तरी विचारलंत?’

‘मला वाटलं...’

‘मी तसं वाटेल असंच बोलत होते, ते मला माहीत आहे.’ तिने नाक पुसलं. ‘मला इथे आवडतं हो. सकाळी मी इथे बसते, तासभर बसते, आणि मला कोणी हाक मारत नाही. तिथे मला न्हाणीघरात गेले तरी हाका यायच्या. मी सारखी बोलायची म्हणता, ती काय हौस होती? कोणी ना कोणी काहीतरी विचारतच असायचं.’ मग अगदी हळू म्हणाली, ‘पण हे आयेला कसं सांगू? ती वाट बघत्येय आणि तिच्या लेकीला परत यायचंच नाहीये, हे कुठल्या तोंडाने सांगू? देवाने कौल दिला म्हटलं असतं तर तिला सोसलं असतं.’

बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. आमच्या घरात माझ्यासमोर असं कोणी करत नसे. मला आईची फार माया आली. आणि पुण्यातल्या त्या हाकांमध्ये निम्म्या माझ्याच होत्या, हेही मला तेव्हाच सुचलं. लिम आंटींना भाषा कळली नव्हती, पण त्या आत गेल्या आणि वाफाळता चहा घेऊन आल्या. ‘नेव्हर माइंड,’ त्या आईला म्हणाल्या, ‘टुमॉरो ही कम अगेन.’ त्यांना वाटलं पक्षी उडाला म्हणून ही रडतेय.

आई परवा माझ्याकडे आली होती तेव्हा मी तिला हे प्रकरण वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘एवढी काही मी रडले नव्हते, तू तिखटमीठ लावतेस.’ नळाच्या पाण्याबद्दल मात्र काही बोलली नाही.

त्या शनिवारी आमच्याकडे ऊन वर आलं तरी तिकडे कोकणात अजून उजाडायचं होतं, म्हणून आईने उशिरापर्यंत कळ काढली आणि मग गावी फोन लावला. आजी फोनवर एवढ्या मोठ्याने बोलायची की रिसीव्हरची गरजच नसायची, त्यामुळे मी आणि बाबा जेवणाच्या टेबलाशी बसून सगळं ऐकत होतो. आईने आधी पावसाचं विचारलं, गाईचं विचारलं, मामीच्या गुडघ्याचं विचारलं. विचारण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ती एका दमात म्हणाली, ‘आये, आमी येवचंव नाय. माका हंय रवाचा आसा.’ आई घाईघाईने सांगू लागली, पाव्हण्याचं, पळीचं, कौलाचं, पाण्याचं, आणि शेवटी पायरीचं. पायरीपाशी आल्यावर आजीने तिला थांबवलं.

‘तुका थंय सकाळचा बसाक गावता?’

‘गावता गो आये.’

‘एकटीक?’

‘एकटीक.’

माडांवरून बोलणाऱ्या आजीला मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. चुलीपुढे वाकलेली, विहिरीवर ओणवलेली, गोठ्यात उभी, अशीच ती माझ्या डोळ्यांपुढे यायची. मग तिचा आवाज आला, नेहमीपेक्षा पुष्कळ खाली, आणि मला तो ऐकण्यासाठी टेबलावर पुढे वाकावं लागलं.

‘मगे रव थंयच. देवाक कित्याक मधी घालतस?’

आईने फोन ठेवला. बाबांकडे बघून नुसती मान हलवली आणि मागचं दार उघडून पायरीवर जाऊन बसली. हातात पळी नव्हती, अंगणात पाव्हणाही नव्हता. सकाळपासून घरात कोणाच्या पोटात चहाखेरीज काही गेलं नव्हतं आणि मला सपाटून भूक लागली होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे पाहिलं. आम्ही डबे उघडून मिळतील ती बिस्किटं खाल्ली आणि तिला हाक मारली नाही.